पळसगाव रोडवरचं दुपारचं जेवण

नावात ‘रोड’ असलं की गाव स्टेशनपासून लांब, हे येडशीकडच्या पोरासोरांनाही ठाऊक. पळसगाव रोडही तसंच, गावापासून कोसभर. तिथं छोटी गाडी यायची. घाई तिला बाधायची, त्यामुळं ती कधी करायची नाही. रानातून एखाद्या बाईनं हातातलं फडकं हलवलं, तर ड्रायव्हर गाडी थांबवी आणि वर, “लेकरू कुठं ठिवलंस गं?” असंही विचारी.

धोंडीबा त्या स्टेशनावर निशाण दाखवायचा, माठ भरायचा, आणि फलाटावर टांगलेला रुळाचा तुकडा ठोकून गाडीची वर्दी द्यायचा. दुपारी मथुराबाई त्याचा डबा घेऊन रुळाच्या कडेनं यायची. मागून गाडी आलीच, तर फडक्यात बांधलेला डबा ती वर धरी. गाडी थांबे, तिला चढवून घेई. नवऱ्याच्या भाकरीसाठी गाडी थांबते, एवढा रुबाब तहसीलदारणीलाही नव्हता.

मग मोठी लाईन आली आणि माळाच्या पलीकडून गेली. छोटे रूळ उचलले, पळसगाव रोड बंद झालं; दगडी स्टेशन आणि टांगलेला रुळाचा तुकडा तेवढा उरला. धोंडीबानं उरलेली नोकरी दुसऱ्या गावी ओढली आणि घरी आला. तो घरी आला आणि मथुराबाईच्या डोक्यातून एकेक माणूस निघायला लागलं. आधी नातवंडं गेली, मग सून शिवकन्या, मग खुद्द धोंडीबा. त्याला बघून ती पदर सावरून म्हणायची, “बसा पाव्हणं, मालक ड्युटीवर गेलेत.” लग्न जुनं झालं की घरात पाहुणा होणं नवऱ्यांना नवं नसतं, म्हणून धोंडीबानं आधी ते हसण्यावारी नेलं. पण रात्री ती त्याच्याकडं पाठ करून, दाराला टेकून मालकांची वाट बघत बसायची. तेव्हा हसू यायचं बंद झालं.

दुपारी मात्र ती डबा मागायची. शिवकन्या भाकरी-पिठलं बांधून द्यायची. धोंडीबा आडवाटेनं पुढं पळायचा आणि स्टेशनाच्या पायरीवर जाऊन बसायचा. ती दिसली की रुळाचा तुकडा ठोकायचा. त्या दारात, त्या पायरीवर बसलेल्याला ती बरोबर ओळखायची. “अवं, हात धुतले का? गाडी गेली का न्हाय?”

“लेट हाय,” धोंडीबा म्हणायचा. जेवण होईपर्यंत तो तिचा नवरा असायचा. दिवसातून तेवढंच.

एक दिवस रस्त्याच्या कामाला दगड हवा म्हणून स्टेशन पाडायला जेसीबी आला. मुकादम राजशेखर बरा माणूस होता.

“आबा, म्या नुसता पाडणारा. ठरवणारं लई वर बसलेत.”

“सगळं पाड. दार आन् पायरी तेवढी ठेव.”

“पायरीवर बसून काय करताल?”

“जेवणार.”

राजशेखर हसला. धोंडीबानं सगळं सांगितल्यावर मात्र त्याला हसता येईना. “तुमचं जेवण होईस्तवर थांबतो,” एवढंच तो म्हणाला. मथुराबाई आली, तिनं जेसीबी बघितला. “आज इंजिन पिवळं आलंय व्हय?”

“व्हय,” धोंडीबा म्हणाला. त्या दिवशी त्यानं शेवटची भाकरी लई हळू खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिथं दगडांचा ढीग होता. धोंडीबानं रुळाचा तुकडा ओढून काढला, बाभळीला टांगला आणि खाली बसला. बायको येताना दिसली तसा जीव लावून ठोकला.

“शाळा सुटली वाटतं,” मथुराबाई म्हणाली आणि पुढं गेली.

तेवढ्यात माळापलीकडं शिट्टी वाजली. ती तिकडं वळली. धोंडीबा धावला. पण धाप त्याच्या पुढं पळत होती. मथुराबाई मोठ्या लाईनीवर पोचली, खडीवर चढली आणि डबा वर धरून उभी राहिली. भोंगा सारखा वाजत होता. धोंडीबानं तिला दंडाला धरून मागं ओढलं, दोघं खडीवरून खाली घसरले, आणि वर रुळांवरून सगळी गाडी धडधडत गेली.

धूळ बसली तेव्हा ती डबा चाचपत म्हणाली, “थांबली न्हाय. डायवर नवा दिसतोय.” मग तिचं त्याच्या हाताकडं लक्ष गेलं. “सोडा! परक्या बाईचा हात धरताव?”

धोंडीबानं हात सोडला. “बाई, डबा द्या. म्या नेऊन देतो मालकास्नी.”

तिनं त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. “न्हाय बाबा. तुमी वाटंतच खाताल.”

ती परत ढिगापाशी गेली. इकडून तिकडून फिरून दार शोधलं, मग एका दगडावर डबा मांडीवर घेऊन बसली. धोंडीबा तिच्या नजरेत येईल असा समोर बसून राहिला. ती त्याच्या पलीकडं बघत होती.

दिवस कलल्यावर ती उठली. तो मागून चालत घरी आला. शिवकन्येनं फडकं सोडलं, तर डबा जसाच्या तसा.

“आबा, जेवला न्हाईत?”

धोंडीबा ओसरीवर पाहुण्यासारखा कडेला टेकला.

“माझा नव्हता, पोरी.”