बेशरमाची फांदी

मैलकुली आबाजी रस्ता वाजवून पाहायचे. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो, तसे. हातात बांबूची काठी, तिच्या टोकाला लोखंडी कडे. चालता चालता मध्येच थांबायचे, काठी दोनदा आपटायचे, मान तिरपी करून ऐकायचे आणि पुढे निघायचे. समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे त्यांचे क्वचितच लक्ष जाई. मला ते माझ्या सायकलीच्या चाकांवरून ओळखत. "मांगच्या चाकात हवा कमी हाय पोरी," हाच त्यांचा नमस्कार.

मैलकुली म्हणजे सरकारी रस्त्याचा ठरावीक तुकडा सांभाळणारा मजूर. आमच्या गावापासून वर्धेच्या रस्त्यावरील फाट्यापर्यंतचा तुकडा आबाजींकडे होता. मला कळायला लागले तेव्हा ते केव्हाच निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी कोणी आले नव्हते. तरी रोज सकाळी ते फाट्यापर्यंत जाऊन येत. आई म्हणायची, "आता काऊन जाता जी आबाजी? पेन्शन घ्या अन् बसा सावलीत." त्यावर ते म्हणत, "मानूस रिटायर होते, रस्ता थोडीच होते."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेले नव्हते. पहिल्या दिवशी मला इतकी धास्ती वाटत होती की सायकल हातात धरून मी दारातच उभी होते. शेजारून आबाजी निघाले होते, ते माझ्यासोबत फाट्यापर्यंत चालत आले. बस दिसली तेव्हा म्हणाले, "मास्तरनं विचारलं अन् तुले नसन येत, त नाई येत म्हनजो. खोटं 'हो' नको म्हनू." एवढेच. मग पाठ फिरवून काठी आपटत परत गेले.

दोन वर्षांपूर्वी गावात नळाची पाइपलाइन आली. शाळेजवळच्या वळणावर मशीनने रस्ता आडवा कापला, पाइप टाकला आणि खणून काढलेली काळी माती तशीच आत लोटली. आबाजी काठावर उभे राहून पाहत होते. ठेकेदाराचा एक सुपरवायझर होता, त्याला म्हणाले, "बापा, काळी माती कापसाले चांगली. रस्त्याखाली घातली त उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. मुरूम टाक. एक वीत मुरूम, मंग पानी, मंग धुम्मसानं ठोकाची. मंग दुसरी वीत."

"बाबा, तुमचा धुम्मस आता म्युझियममध्ये ठेवा," सुपरवायझर हसला. "आता मशीन का जमाना है."

"कुठी हाय मशीन? दाखव ना मले."

रोलर काही आला नाही. वरून गिट्टी आणि डांबराचा पातळ थर बसला. पंधरा दिवसांत तिथे खड्डा पडला. पुन्हा भरला, पुन्हा पडला. वर्षभराने केबलवाल्यांनी तोच भाग परत खोदला.

आबाजी अशा खड्ड्यात बेशरमाची, म्हणजे नालीकाठी कुठेही रुजणाऱ्या रानटी झुडपाची, फांदी रोवून ठेवत. दुरून हिरवे दिसले की गाडीवाला हळू होई. पोरे चिडवत, "आबाजीनं बगिचा लावला हो!" पण त्यांचा नियम सगळ्या गावाला पाठ झाला होता. खड्डा भरला तरी फांदी लगेच काढायची नाही. "एक मोठा पाऊस पडू द्या. मंग मी वाजवून पाह्यतो. मंग काढाची." त्यामुळे जिथे फांदी नाही तिथला रस्ता पक्का, हे आम्ही धरूनच चालत होतो. रस्त्याकडे न पाहता फांदीकडे पाहायची सवय आम्हाला लागली होती.

मागच्या जूनमध्ये आबाजी तापाने आठवडाभर घरात पडून होते. तेव्हाच वळणावरचा खड्डा पुन्हा भरला गेला. मी बससाठी निघाले होते. सुपरवायझरने मला थांबवले. "ताई, कॉलेजला आहात ना? गावातल्या शिकलेल्या माणसाची सही पाहिजे. काम समाधानकारक, एवढंच लिहिलंय."

माझी सही तोवर कोणी अशी मागितली नव्हती. आमच्याकडे कागद आला की बाबा अंगठा पुढे करतात. मी खाली पाहिले. रस्ता काळाभोर आणि सपाट होता, काठाला आबाजींची जुनी फांदी होती. मी सही केली.

"आता इथं उभ्या राहा, फोटो घेतो. ती फांदी तेवढी काढा, फोटोत चांगली नाही दिसत."

मला नियम माहीत होता. पण तसे बोलायला मी कचरले, आणि बसही आलीच असती. मी फांदी उपटून नालीत टाकली आणि फोटोला उभी राहिले. परत येताना दुसरी लावू, असे मनात होते. संध्याकाळी विसरले.

चार दिवसांनी रात्रभर पाऊस झाला. ताप उतरत नाही म्हणून सकाळी आबाजींचा मुलगा त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन निघाला. वळणावर नुसते पाणी साचलेले दिसले. फांदी नव्हती, म्हणून त्याने गाडी हळू केली नाही. तो सावरला. आबाजी फेकले गेले, कमरेचे हाड मोडले.

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना भरती केले, तिथे मी तिसऱ्या दिवशी गेले. पायऱ्यांवरून दोनदा परत फिरले होते. खाटेजवळ उभी राहून म्हटले, "आबाजी, फांदी मी काढलती."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग विचारले, "वाजवून पाह्यलं होतं?"

"नाई."

"पाहाले पायजे होतं पोरी."

ते रागावले असते तर बरे झाले असते. डोळे मिटून ते मुलाला म्हणाले, "हिले बसस्टँडपर्यंत सोडून ये. पानी येऊन राह्यलं."

आबाजी पुन्हा कधी चालले नाहीत. घरी आणल्यावर दीड महिना खाटेवर होते, मग छातीत कफ झाला आणि गेले. त्यांना नेताना त्या वळणावर खांदेकऱ्यांना एका बाजूने, रांगेत जावे लागले. खड्डा तसाच होता.

तेराव्यानंतर मी त्या खड्ड्याच्या तक्रारीचा अर्ज घेऊन वर्धेला बांधकाम खात्याच्या ऑफिसात गेले. बाबूने फाईल काढून माझ्यापुढे सरकवली. त्यात माझा फोटो होता. सपाट रस्त्यावर मी उभी आहे, थोडी हसते आहे. खाली माझी सही.

"तुम्हीच समाधानी आहात, असं लिहून दिलंय. आता तक्रार कशी घेऊ?"

मी त्याच्याकडे एक कोरा कागद मागितला. त्यावर लिहिले की ही सही माझी आहे आणि ती खोटी आहे. काम पक्के आहे की नाही हे मी पाहिले नव्हते. तिथली फांदी मी काढली, त्यानंतर त्या जागी आमच्या गावचे मैलकुली पडले आणि त्यातच गेले. बाबूने वाचून माझ्याकडे पाहिले. "हे दिलं तर तुमच्यावरच येईल."

"द्यायचं आहे," मी म्हणाले.

त्याने शिक्का मारून पोच दिली. उत्तर अजून आलेले नाही.

आबाजींच्या मुलाने काठी मला दिली. तो माझ्याशी फारसे बोलत नाही, आणि त्याने बोलावे असे मी म्हणू शकत नाही. वळणावरचा खड्डा मध्ये एकदा ठेकेदाराची माणसे भरून गेली. मी फेकलेली फांदी नालीत रुजली आहे, तिला जांभळी फुलेही येतात. तिचीच एक फांदी तोडून मी तिथे लावली. एक मोठा पाऊस होऊन गेल्यावर पोरांनी विचारले, "ताई, काढू का आता?" मी सायकल उभी केली, काठी दोनदा आपटली आणि मान तिरपी करून ऐकले.

"नको," मी म्हणाले. "पोकळ हाय."