शिंपीणबाईंच्या गच्चीवरून पूर्वेला

अंशकाकांना सरळ बोलता येत नसे. वायरमन म्हणून सारा जन्म खांबांवर गेला, निवृत्तीनंतर हौशी रेडिओचं, उपग्रहामार्फत लांबच्या माणसांशी बोलण्याचं वेड लागलं, आणि तेव्हापासून ते "उजवीकडे वळ" म्हणायच्या ऐवजी "नव्वद अंश वळ" म्हणू लागले. बायको कपाळाला हात लावायची. पण उत्तरेपासून किती अंश फिरायचं, क्षितिजापासून किती अंश वर बघायचं, हे ठरवून उपग्रहाकडे अँटेना रोखण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्या आठवड्यात वादळाने दूरच्या बेटावरचा फोनचा मनोरा पाडला. तिथल्या हवामान केंद्रात काकांची लेक होती. बापलेकीचं ठरलेलं होतं: फोन बंद पडला, तर सकाळी उपग्रह आकाशात फेरी मारतो तेव्हा त्याच्यामार्फत बोलायचं. ती फेरी पूर्वेला, अगदी बुटकी, जेमतेम दहा अंश उंचीची. आणि पूर्वेलाच समोरच्या शिंपीणबाईंनी गच्चीवर पत्र्याची खोली बांधलेली! त्या खोलीवरून काका एवढे भांडले होते की तेव्हापासून बोलणं बंद होतं.

काका अँटेना घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

"तोंडात मूग भरलेत का?" गळ्यात टेप अडकवलेल्या बाई म्हणाल्या.

"लेकीची काही खबर नाही. तुमची गच्ची हवी होती."

"मग इथे काय उभे राहिलात? चला!"

बाईंनी दोरीवरचे कपडे भराभर ओढून काढले. काकांनी पत्र्याच्या खोलीला टेकून होकायंत्र पाहिलं, अँटेना रोखली. नुसती खरखर. मिनिटं निसटत होती. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. पत्र्याजवळ सुई भलतीकडेच ओढली गेली होती! लोखंडाजवळ होकायंत्र धरू नये, हे ते जगाला शिकवत आले होते.

"बाई, ती लांबची पाण्याची टाकी दिसते? ती बरोबर पूर्वेला. तिकडे धरा. हात लांब करून, क्षितिजापासून एक मूठ वर!"

बाईंनी मूठ मोजून, म्हणजे नेमकी दहा अंशांवर अँटेना धरली, काकांनी रेडिओची कळ फिरवली.

"बाबा, मी सुखरूप आहे. आईला सांगा."

"ऐकलं गं बाळा, ऐकलं!" काकांचे डोळे वाहू लागले.

"पण पूर्व तर तुम्हाला दिसत नाही ना? बोलताय कुठून?"

"शिंपीणबाईंच्या गच्चीवरून. अँटेना त्यांनीच धरलीय."

लेक म्हणाली, "त्यांना सांगा, आल्यावर आधी त्यांच्याकडे येणार. घरी नंतर."

बाईंच्या पायावर डोकं ठेवावं, असं काकांना वाटलं. बोलले एवढंच, "फार उपकार झाले."

बाईंनी ते ऐकलंच नाही. हात भरून आले होते, तरी अँटेना तसूभरही हलू न देता त्या माइककडे वाकून ओरडल्या, "ये गं पोरी, वाट बघते!"

उपग्रह एव्हाना मावळला होता, पलीकडे काही पोचणार नव्हतं. ते सांगायला काकांची जीभ रेटेना. त्यांनी मुकाट्याने माइकचं बटण दाबून धरलं आणि बाईंना बोलू दिलं.