उसाच्या ट्रॉलीमागची बुलेट

सत्याला शेवटी टाळ्या मिळतातच. मी स्वतः ऐकल्या आहेत, आमच्या वाचनालयाच्या सभागृहात.

ज्यांना त्या मिळाल्या ते आमच्या जुन्या संगणकाची देखभाल करणारे मिस्त्री. संगणक अडला की ते रॅमची पट्टी उपसत, तिची सोनेरी कड शाळकरी खोडरबराने घासत आणि पुन्हा बसवत. यंत्र सुरू होई. काय झालं होतं विचारलं की म्हणत, "धुरळा व्हता." इतकं छोटं निदान करणारा तज्ज्ञ कोल्हापुरात दुसरा नसावा.

वाचनालयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा अध्यक्षांनी संगणकाला चारशे मेगाहर्ट्झ वेगाची नवी रॅम भेट दिली. मिस्त्रींनी मान हलवली.

"साहेब, प्रोसेसरपासनं रॅमपतोर जी वाट हाय, तिला बस म्हनत्यात, ती दोनशे सहासष्टची हाय. रॅम तिच्याच चालीनं चालणार."

"म्हणजे?"

"म्हणजे बुडाखाली बुलेट, पण म्होरं उसाची ट्रॉली. बसा हॉर्न मारत."

"मिस्त्री, फोटोवाल्याला सांगून झालंय," अध्यक्ष म्हणाले. तांत्रिक चर्चा तिथे संपली.

असे समारंभ तुम्हीही पाहिले असतील. संगणकाला हार, रॅमला कुंकू. मिस्त्रींनी ते कुंकू खोडरबराने पुसलं आणि पट्टी बसवली. अध्यक्षांनी छापील प्रमाणपत्र पुढे केलं. त्यात वेगाच्या दोन जागा कोऱ्या होत्या.

"दुप्पट लिहा," ते हळूच म्हणाले. "पुढच्या वर्षीचं काम तुमचंच."

मिस्त्रींकडे तेव्हा बारमाही काम आमचं एकच उरलं होतं. त्यांनी पडद्यावरचा आकडा बघितला, लिहिला, सही केली आणि माईक समोरच होता म्हणून वाचूनही दाखवला. "आधीचा वेग दोनशे सहासष्ट. आत्ताचा वेग दोनशे सहासष्ट."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आकडा ऐकला की टाळ्या वाजवायच्या, अशी आमच्याकडे रीत आहे. अध्यक्षही वाजवत होते. दुसरा आकडा ध्यानात आला तसे त्यांचे हात थांबले.

मंचावरून खाली उतरताना मी म्हटलं, "लिहायचं होतं की दुप्पट. कोण बघतंय?"

"सही माझी हाय न्हवं," मिस्त्री म्हणाले. मग जुनी पट्टी रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या. माझ्यामागं जो कोण येईल, त्याला लागंल."

वर्ष संपताच काम दुसऱ्याला गेलं. मिस्त्री लेकीकडे नेसरीला राहायला गेले. रुमाल परत न्यायलाही आले नाहीत.

नव्या माणसाने पहिल्याच दिवशी प्रमाणपत्र दिलं. वेग : दुप्पट. ते छापायला मात्र त्याने स्वतःचा लॅपटॉप आणला होता.