देवाला दाखवायचं सांबर

दुपारची भाकरी अंगावर आली आहे. तानूबाई सोप्यात घोंगड्यावर कलंडते, एक हात उशाला घेते आणि सुनेला बजावते, "डोळा न्हाई लावत. नुसती पडती." सुप्रिया "बरं आत्ती" म्हणते आणि शेंगा फोडत राहते. फोलपटांचा आवाज थोडा वेळ जवळ असतो, मग लांब जातो, मग वाळल्या पानांवरून कुणी चालत यावं तसा पुन्हा जवळ येतो.

"नुसती पडलीयास न्हवं? मग घोरतंय कोन?"

उंबऱ्यात शिदबा उभा आहे. गेल्या श्रावणात तापानं गेलेला तिचा नवरा. तीच कानटोपी, तोच एक खांदा उतरलेला, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरायची तीच सवय. तो आला याचं तानूबाईला नवल वाटत नाही. तो अनवाणी तसाच आत आला, हे मात्र दिसतं.

"आदी पाय धुवा."

"मेलेल्या मानसाचं पाय कशानं मळत्यात?"

"मला काय ठावं? मी कुटं मेलीया?"

हे त्याला पटतं. तो बाहेर जाऊन पाय धुऊन येतो, पण त्याच्या पावलांची ओल काही फरशीवर उमटत नाही. सुप्रिया कुठं दिसत नाही. शेंगा मात्र आपल्या आपण फुटत आहेत.

"काय मग," तो खांबाला टेकून विचारतो, "सांबर गावलं का?"

आता हे त्याला कुणी सांगितलं, असं ती विचारत नाही. या घरात दुसरा विषयच नाही. पूर्वी शिमग्याच्या आधी अख्खा गाव पारधीला निघायचा, आणि सांबराचा माग काढायचा मान शिदबाच्या घराचा. मग शिकारीला बंदी आली. गुरवानं रानोबाला कौल लावला आणि देवानं समजूतदारपणा दाखवला: मारू नका, पण रानात सांबर आहे एवढं मला कळवा. तेव्हापासून शिदबा दरवर्षी डोंगरावर जायचा, सांबर डोळ्यांनी बघायचा आणि देवापुढं हात ठेवून सांगायचा, "दिसलं." त्या एका शब्दावर गुलाल उधळला जायचा.

यंदा तो शब्द सांगायला शिदबा नाही. तानूबाई म्हणाली, मी बघून येते. त्यावर चुलत दीर म्हादा म्हणाला, "वैनी, तुमच्यावर इस्वास हाय. पर फोटू आनला तर बरं." म्हणून वनखात्यानं गावाच्या समितीला दिलेला तो कॅमेरा तिनं मागून घेतला. झाडाला पट्ट्यानं बांधायचा, समोर काही हललं की आपोआप फोटो काढतो. शिमगा तोंडावर आला आहे. फोटो नाही मिळाला तर मान म्हादाच्या घरात जाणार आणि परत काही यायचा नाही.

"वानर गावलं," ती सांगते. "म्हादाभावजींची म्हस गावली. आन् माजी पाट गावली. सुप्रियानं मोबाइलवर दावली. येवढ्या वर्षात पयल्यांदा बगितली मी माजी पाट."

"मी रोज बगायचो. रागावून म्होरं चालली की."

"च्या ठेवती," ती म्हणते आणि उठते.

ती आत जाते. आत गिरणी आहे. पट्टा फिरतो आहे पण आवाज होत नाही, आणि सगळ्या जमिनीवर बोटभर पीठ पडलं आहे. चूल कुठं गेली म्हणून ती इकडंतिकडं बघते. शिदबा तोवर पिठात उकिडवा बसला आहे. पिठावर खुरांचे ठसे आहेत, जोडीनं, टोकदार, दारातून आत आलेले.

"नर हाय," तो हलक्या आवाजात म्हणतो. मागावर असला की त्याचा आवाज असाच उतरायचा. "म्हातारा झालाय, पर ताकद हाय. हितनं सरळ आलाय. हितं थांबला. मान वर किली. आन् ह्यो बग, फिरला माघारी."

"कशानं फिरला?"

"वास घे की."

ती वास घेते. गिरणीच्या दगडात तिनंच खोचल्यासारखी उदबत्ती जळते आहे. धूर सरळ वर जातो आणि वर छप्पर नाही, जांभळाची फांदी आहे. ते दोघं पाणवठ्यावर उभे आहेत. समोर झाडाला कॅमेरा बांधला आहे, त्याच्या काचेच्या वर हळदकुंकू, पट्ट्यात झेंडूचं फूल, बुडाशी नारळाची करवंटी.

शिदबा कॅमेऱ्याकडं बघतो. मग बायकोकडं बघतो.

"ह्याला कुकू लावलंस?"

"देवाच्या कामाला आनलाय न्हवं? तसाच बांदायचा व्हय?"

"आन् नारळ?"

"फोडला येकदा."

"येकदा?"

"... अमुशेला बी."

आता शिदबाला हसू दाबवत नाही. तो जांभळाला धरून हसतो, खाली बसून हसतो, डोळे पुसतो. "तानू, तानू! सांबर काय आरतीला येतंय व्हय गं? उदबत्तीचा वास आला की त्ये पल्याडच्या डोंगरावर असतंय!"

"हसा. तुमचं बरं हाय. तुमास्नी देवळात म्हादाभावजींम्होरं बसायचं न्हाई." तिचा आवाज मध्येच चिरकतो आणि तिला स्वतःचाच राग येतो. "तुमच्या घराचा मान हाय म्हनून जीव टाकतीया मी."

तो हसायचा थांबतो. शेजारच्या काळ्या दगडावर बसतो आणि तिला जागा करून देतो. हा त्याचा दगड. इथंच बसून तो सांबराची वाट बघायचा. गेले कित्येक दिवस दुपार कलली की तीही इथंच येऊन बसते. बॅटरी बघायला जाते, असं घरी सांगते.

"उदबत्ती बंद कर," तो म्हणतो. "पर ती बंद केलीस तरी न्हाई यायचं त्ये."

"का?"

"तू रोज येतीस म्हनून."

ती त्याच्याशेजारी दगडावर टेकते.

"येतीस, आन् बोलत बसतीस. म्हशीनं लात मारली. सुप्रियाला लोनचं जमंना. रेशनवर तांदूळ जाड आला."

"तुमास्नी सांगती मी. दुसऱ्या कुनाला सांगू?"

"आयकतो की मी. सगळं आयकतो." तो पाण्यापलीकडच्या कारवीच्या झुडपांकडं बोट करतो. "पर त्ये बी आयकतंय. त्या तितं, कारवीत. दुपारधरनं हुबं असतंय. तान लागलीया त्याला, आन् तुजं बोलनं काय सरत न्हाई."

"किती येळ हुबं असतंय?"

"तू उटूस्तवर. मग पार खालच्या वड्याला जातंय. म्हातारं जनावर. पाय दुकत्यात त्याचं."

कारवी स्थिर आहे. तानूबाई तिकडं बघत राहते आणि तिला पहिल्यांदाच मानाची, फोटोची, म्हादाची आठवण होत नाही. कुणी आपल्या दारात तहानलेलं उभं आहे आणि आपण आत गप्पा मारत बसलोय, तसं तिला होतं.

"मग मान?" ती विचारते.

"ऱ्हायला तर ऱ्हायला. गेला तर म्हादा काय परका न्हाई. गुलाल त्याचा बी लालच आसतोय. आदी त्या जनावराला पानी पिऊ दे."

"आन् तुमच्याशी बोलू कुटं?"

शिदबा कानटोपी काढतो, झटकतो, परत घालतो. जिवंतपणीही अवघड प्रश्नाला त्याचं हेच उत्तर असायचं. "घरात बोल की," तो शेवटी म्हणतो. "चुलीम्होरं बोल. मी काय फकस्त डोंगरावरच मेलोय व्हय?"

"सून आयकंल."

"आयकू दे. तिला बी कळंल तू माज्यासंगं कशी भांडायचीस. पुडं कामाला यील तिच्या."

तानूबाईला हसू येतं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी येतं, आणि दोन्हींचं काय करावं ते तिला सुचत नाही. शिदबा पाण्याच्या कडेला वाकतो. सांबरं लोळून लोळून मऊ झालेला तिथला काळा चिखल तो बोटांवर घेतो, तिच्याजवळ येतो आणि तिच्या कानामागं लावतो. हळूच, जपून.

"ह्ये काय?"

"मानसाचा वास जावा म्हनून. आता गप ऱ्हा वाईच."

"हळदीला बी असंच गार लागलं होतं," ती पुटपुटते.

"गप म्हटलं की."

ती गप्प राहते. शेजारी दगडावर तो आहे की नाही, ते बघायला ती मानही वळवत नाही. कारवी हलते. एक ओला, रुंद नाकाचा चेहरा बाहेर येतो, कान पुढं, मग मान, मग शिंगं, फांदीतून फांदी सोडवावी तशी. ते पाण्याशी येतं आणि प्यायला लागतं. घट घट घट. किती दिवसांची तहान. पिणं संपतच नाही.

घट घट घट. सुप्रिया तांब्यानं पाणी पिते आहे. शेंगांचं सूप कडेला सारलं आहे.

"उठा की आत्ती. उन्हं उतरली. वर जायचं नाही का कॅमेरा बघायला?"

तानूबाई उठून बसते. पायांना मुंग्या आल्या आहेत. ती डोंगराकडं बघते, मग चुलीकडं.

"आज न्हाई," ती म्हणते. "उद्या बी न्हाई. शिमग्याच्या सकाळी येकदाच जाऊ, आन् काय गावंल त्ये गावंल."

"आणि काहीच नाही आलं तर? म्हादातात्या बोलतील."

"बोलू दे. त्यास्नी तरी कवा बोलाय मिळनार?" ती पदर सावरते. "च्या ठिव. आन् जरा चुलीपाशी बसू दे मला. तुज्या सासऱ्याशी बोलायचं हाय."

सुप्रिया तिच्याकडं बघत राहते. पण ती जे बघते आहे ते वेगळंच.

"आत्ती, कानामागं काय लागलंय तुमच्या?"

तानूबाई हात नेते. गार लागतं. बोटांवर ओला काळा चिखल येतो, आणि त्यात अडकलेला एक जाड, तांबूस, राठ केस.

"पुसून देऊ?" सुप्रिया पदर पुढं करते.

"नगं," तानूबाई म्हणते आणि मान बाजूला घेते. "वाळू दे त्येचं त्ये."