संयोगिताचा शेवटचा पाठ

बी.एड.ची विद्यार्थिनी संयोगिता बिद्रीजवळच्या एका शाळेत तीन महिने पाचवीला गणित शिकवत होती. आज तिचा तिथला शेवटचा दिवस. तिच्या परीक्षेचा पाठही आजच होता आणि कॉलेजचे सर वही घेऊन मागच्या बाकावर बसले होते.

"अर्ध्या भाकरीचे दोन सारखे तुकडे केले, तर एक तुकडा किती?" तिनं विचारलं. काल याच प्रश्नाला सगळा वर्ग 'पाव' म्हणून ओरडला होता. आज प्रीती म्हणाली, "सात."

"न्हाय बाई, अकरा!" आदर्श म्हणाला.

बाकीची पोरं माना खाली घालून बसली. आपलं कुठं चुकलं, तेच संयोगिताला उमगेना. सर काहीतरी लिहून मुख्याध्यापकांकडे चहाला गेले.

"असं का रे केलंत?"

प्रीती उठली. "बाई, पाचवीत नापास झालं की त्याच वर्गात बसावं लागतंय, तुमीच सांगितलंय की. मग तुमी नापास झालासा तर हितंच ऱ्हाणार न्हवं?"

रागवावं की पोरीला जवळ घ्यावं, संयोगिताला कळेना. तेवढ्यात सर दारात आले.

"पोरांना काहीच कसं येत नाही हो?"

खरं सांगायला तिची जीभ रेटेना. "सर, पुन्हा पाठ घेऊ?"

"घ्या. सोमवारी या."

सर वळताच आदर्श प्रीतीच्या कानाशी लागला, "सोमवारीबी चुकवायचं न्हवं?"

संयोगितानं ते ऐकलं. नको म्हणायला तिनं तोंड उघडलं, मग तशीच वळून ती फळा पुसू लागली.