सिंदीच्या उन्हातला जुनिपर

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आजवर लिहिलं ते परीक्षेपुरतं. तेव्हा हे धाडस वाचकांनी माफ करावं. पण काकांबद्दल दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

"घाई कोनाले हाये?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. सिंदीला ते आमच्या शेजारी राहत आणि विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करत. जुन्या मोटारींची तांब्याची तार चुलीत तापवून मऊ करायची, मग अंगणात कुंडीत वाढवलेल्या वीतभर जुनिपरच्या, म्हणजे त्या पहाडी झाडाच्या बोन्सायच्या, फांद्यांना तिचे वेढे देऊन त्या हव्या तशा वाकवायच्या, हा त्यांचा छंद. ते झाड पुलगावच्या एका फौजी गिऱ्हाइकानं दिलेलं.

"काका, माये वांगे वाळून राह्यले!" दारातला शेतकरी ओरडे.

"ही फांदी तीन वर्षांपासून थांबून हाये. तू घंटाभर थांब."

"पहाडातलं झाड इथं जगन काय?"

"मी जगून राह्यलो नं!"

आणि झाड खरंच जगलं होतं. सकाळचं ऊन, दुपारी तुराट्यांची सावली, मातीत विटांचा चुरा.

१९८०च्या सुमारास एका उन्हाळ्यात ते काकूंना घेऊन डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे अमरावतीला गेले. जाताना मला म्हणाले, "माती बोटानं पाह्यजो. कोरडी लागली तरच पानी."

आम्ही भाजीपाला पिकवणारे. अशा उन्हात झाडाला तहानलेलं ठेवायचं, हे मला पटेना. मी रोज दोन्ही वेळा पाणी घातलं. महिन्यानं काका आले. हिरवंगार झाड मी अभिमानानं पुढे केलं. त्यांनी खोड नखानं खरवडलं, माती हुंगली.

"मुळं सडले. गेलं हे."

"पन काका, हिरवं तर हाये!"

"हे मेल्यावरही महिनाभर हिरवं दिसते, बापा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच जुनिपरची त्यांनी आधी वेगळ्या कुंडीत लावलेली एक काडी मुळं धरून होती. पुढच्या उन्हाळ्यात डोळे दाखवायला जाताना ती कुंडी त्यांनी मांडीवर घेऊन अमरावतीला नेली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. "मी सांभाळतो," एवढं म्हणायची हिंमत झाली नाही. त्यांनीही विचारलं नाही. मात्र परतल्यावर रोज हाक मारत, "बोट घाल. सांग, पानी पाह्यजे का नाई?" वर्षभर मी सांगत राहिलो. बरोबर की चूक, ते कधी बोलले नाहीत.

मग मी एम.ए.साठी नागपूरला गेलो. तिथं होस्टेलवर काकूंनी लिहवून घेतलेलं पत्र आलं. पत्ता चुकल्यानं ते बरंच फिरून आलं होतं. काका गेले होते. खाली लिहिलं होतं: "झाड तुले द्याले सांगतलं. म्हनत, आता त्याले समजते."