उडवलेला धागा

माझ्या भाच्याचं नाव मी इथे लिहीत नाही. रिहे खोऱ्यात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बाहेरच्या माणसाने त्याच्याकडून प्लॉट घेण्याआधी चहाच्या टपरीवर जरा चौकशी केली तर त्यालाही कळेल. तो माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. लहानपणी त्याला मी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं आहे. हे सांगतो ते माया आहे म्हणून नाही. मी त्याला किती ओळखत होतो आणि तरी कसा फसलो, ते कळावं म्हणून.

नोकरीभर मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. लोकांच्या मजकुरातल्या चुका शोधायच्या आणि त्यांवर लाल रेघ मारायची, हे काम. निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा हिंजवडीच्या कंपन्यांत लागलेल्या आमच्या पोरांनी खोऱ्यापुरतं एक संकेतस्थळ काढलं होतं. एकाने विषय मांडायचा, त्याला धागा म्हणायचे; त्याखाली बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायचे. एसटी का आली नाही, विहिरीला पाणी कुणाकडे लागलं, आंबेमोहोर कुणाचा खरा आणि कुणाचा भेसळीचा, असे विषय. नोकरीसाठी लातूर-नांदेडकडून आलेले आणि आमच्याकडे प्लॉट घेतलेले लोकही तिथे यायचे. पोरं म्हणाली, "काका, तुमच्याकडं वेळ पण हाय आणि भाषा पण. तुमी संपादक व्हा." मी झालो. अपशब्द असलेला मजकूर उडवला जाईल, हा नियम मीच लिहिला. आणि खरं सांगतो, उडवण्यात मला मजा यायची. लाल रेघेखाली शब्द निदान दिसत राहतो. इथे बटण दाबलं की जागा कोरी.

आमच्या डोंगरउतारावर एक छोटी वाडी आहे. तिथल्या बायका वर्षानुवर्षं ज्या झऱ्याचं पाणी आणत, त्याच्या वाटेवर भाच्याने भिंत घातली. उतार त्याने विकत घेऊन बंगल्यांसाठी त्याचे तुकडे पाडले होते. झरा राहिला भिंतीपलीकडे, सरकारी रानात. भरलेला हंडा घेऊन बायकांना डोंगराचा वळसा पडू लागला.

शिमग्याला होळीपुढे उभं राहून आमच्याकडे कुणाच्याही नावाने बोंब मारता येते. वर्षभर पोटात ठेवलेलं त्याच्या तोंडावर, नाव घेऊन, शिव्या देऊन बोलायचं. ज्याच्या नावाने बोंब, त्याने हात जोडून हसायचं आणि दुसऱ्या दिवशी मनात काही ठेवायचं नाही. त्या वर्षी वाडीतली एक विधवा बाई पुढे आली. पदर खोचला, तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकली आणि भाच्याचं नाव घेतलं.

"माझ्या पान्याच्या वाटंवर भित घातलीस! घशाला कोरड पडंल तुझ्या! शेवटाला तोंडात चमचाभर पानी घालाया कुनी येनार न्हाई!"

पुढचं मी लिहीत नाही. लोक हसून हसून लोळले. भाचाही हात जोडून हसला.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका पोराने ते सगळं, शिव्यांसकट, संकेतस्थळावर टाकलं. खाली प्रतिसादांची रांग लागली. काहींनी चेष्टा केली. प्लॉट घेतलेले काही जण गंभीर झाले. वाडीची वाट अडली आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्या प्रतिसादांमध्येच, उताराचा जुना मालक, जो आता पुण्यात राहतो, त्याने स्वतःच्या नावाने लिहिलं होतं: 'जमीन विकताना पाणवठ्याची वाट मी घेणाऱ्याला पायी चालून दाखवली होती. ती मोकळी ठेवण्याचं त्यांनी माझ्यासमोर कबूल केलं होतं.' मी वाचलं. अपशब्द नव्हता. पुढे गेलो.

थोड्या दिवसांनी भाचा घरी आला. हातात त्याच्या खाचरातल्या तांदळाची पिशवी.

"मामा, तुमच्या साईटवर काय चाललंय?"

"होळीचं बोलणं आहे. तू तर हसत होतास."

"होळीचं होळीपुढं. हितं अमेरिकेतली पोरं वाचत्यात. आईवरनं शिवी हाय त्यात. म्हंजी तुमच्या बहिणीवरनं."

ते मला लागलं. लागावं म्हणूनच तो बोलला होता.

"बरं, त्या शब्दांवर फुल्या मारतो."

"फुल्या बघून लोकं जास्त हसत्यात. सगळंच काढा. नवा कायदा आलाय, मामा. वकील म्हनतो, संपादकाला आधी उचलत्यात. मी म्हनलं, अवो, तितं माझा मामाच हाय!"

हातात पेन धरून ज्याने उभा जन्म काढला, त्याला इथेच कळायला हवं होतं. ज्याला शिवीची लाज वाटते त्याला फुली पुरते. याला फुली नको होती. पण मी चष्मा लावला. धाग्याचा पहिला मजकूर काढला की खालचे सगळे प्रतिसाद त्याच्याबरोबर जात. पडद्यावर दोन पर्याय आले: 'लपवा' आणि 'कायमचे काढा'. मी पहिल्याकडे निघालो.

"खालचं, मामा," तो म्हणाला आणि काचेवर बोट टेकवलं.

मी खालचं दाबलं. त्याने आणलेल्या तांदळाचा भात महिनाभर खाल्ला.

पावसाळ्याआधी वाडीतली माणसं पौडला तहसील कचेरीत गेली. साहेबांनी विचारलं, ही वाट होती याला वाडीबाहेरचं कोण साक्ष देईल? बाईला होळीनंतरचा तो प्रतिसाद कुणीतरी वाचून दाखवला होता. तिने जुन्या मालकाचं नाव सांगितलं. पोरं धागा शोधायला लागली आणि मग माझ्याकडे आली.

"काका, लपवलाय ना फक्त?"

मी नाही म्हणालो. त्यातलं एकही पोर मला वाईट बोललं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी पुण्याला जुन्या मालकाच्या घरी गेलो. त्याने चहा दिला.

"मी लिहिलं? अहो, मी कॉम्प्युटरला हातसुद्धा लावत नाही."

"तुमच्या नावाने होतं. मी स्वतः वाचलंय."

"असेल तर दाखवा ना," तो शांतपणे म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारामागे तांदळाची पिशवी उभी होती. मला मिळाली तसलीच.

तेव्हा मला राग आला. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. माझ्या भाच्याला शिव्या कधी लागल्याच नव्हत्या. त्याला दोन वाक्यं पुसायची होती, आणि ती पुसायला त्याने माझ्या बहिणीची अब्रू आणि माझा हात वापरला. होळीपुढे हे त्याला जमलं नसतं. तिथे कुणाला गप्प करायचं तर सगळ्या गावासमोर करावं लागतं. इथे एका म्हाताऱ्याच्या खोलीत बसून काम झालं.

पुढच्या शिमग्याला दिवेलागणीच्या वेळी मी होळीपुढे उभा राहिलो. भाच्याने गावची होळी दाखवायला पुण्याची गिऱ्हाइकं आणली होती. मी आधी माझ्याच नावाने बोंब मारली आणि काय उडवलं ते सांगितलं. मग त्याच्या नावाने मारली. भिंत, वाट, तांदळाच्या दोन पिशव्या, सगळं सांगितलं. प्रथेप्रमाणे त्याला हात जोडून हसावं लागलं. ते हसू बघताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. गिऱ्हाइकांतल्या एका बाईने शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, "हे खरं आहे का?"

"होळीपुढं खोटं बोलाया म्हाताऱ्याला काय याड लागलंय का, बाई?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तेच मी संकेतस्थळावर लिहिलं. एकेक शब्द तपासला, अपशब्द एकही ठेवला नाही. त्याच्या प्लॉटांचं नाव कुणी इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात वर माझा धागा दिसू लागला. त्याचा फोन आला.

"मामा, काढा ते. लोकं बुकिंग सोडायला लागल्यात."

"नियमात बसतं ते. अपशब्द दाखव, लगेच उडवतो."

"मी तुमच्या बहिणीचा पोरगा हाय!"

"मग खाली प्रतिसाद लिही की. सगळ्यांना मोकळं आहे."

त्याने लिहिला नाही. हे सगळं सांगायला मी मोठ्या खुशीत वाडीत गेलो. बाई दारात भांडी घासत होती. तिने ऐकून घेतलं.

"लई झाक केलंत, दादा. त्येचं गिऱ्हाईक पळालं, तुमचं मन निवलं. पर मी अजून वळसा घालूनच येतीया न्हवं?"

तिने मला गुळाचा चहा दिला. तो तिने लांबून आणलेल्या पाण्याचा होता.

दोन हजार दहाच्या सुमारास पोरं परदेशी गेली, संकेतस्थळ बंद पडलं, आणि त्याच्याबरोबर माझा धागाही गेला. भाच्याला बरं वाटलं असणार, कारण लगेच तो लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला.

"झालं गेलं, मामा. घरात वडीलधारं मानूस आता तुमीच."

"भिंतीला दार पाड. वाडीतल्या बायका त्यातून हंडे घेऊन गेल्या, की मी मांडवात येतो."

"तुमी डूख धरलाय."

"व्हय," मी म्हणालो. "धरलाय."

लग्नाला मी गेलो नाही. भिंतीला दार नाही. वाडीचा अर्ज पौडला अजून पडून आहे. म्हणून आता हे कागदावर छापतो आहे. जुन्या मालकाची दोन वाक्यं वर दिली आहेत, ती जशीच्या तशी आहेत. अक्षरन् अक्षर वाचायचीच मला सवय होती, आणि कुठल्याही कचेरीत मी ती शपथेवर सांगेन. पहिली प्रत वाडीच्या अर्जाला जोडायला देणार आहे. दुसरी भाच्याच्या विहिणीला.